मागच्याचा एक श्वास

१

कार्ला फाट्याच्या अलीकडं, जुन्या हायवेच्या डाव्या हाताला हौशीरामचं पंक्चरचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, तर पुढं पत्रा, मागं दोन खोल्या, त्याच्यामागं परसू. रस्त्याच्या कडेला ट्रकचा एक टायर उभा केलाय आणि त्याच्यावर पांढऱ्या रंगानं ‘पंचर’ लिहिलंय. त्यातला ‘र’ उलटा आहे. कुणी हसलं की हौशीराम तोंड सुतकी करून सांगतो, “मोडीत असाच काढत्यात, साहेब.” साहेब मान डोलावतो. साहेबाला तरी कुठं मोडी येते!

हौशीरामच्या थापा अशा. पैशासाठी नव्हे, नुसत्या मजेसाठी. लोणावळ्याला निघालेल्या गाडीच्या चाकातून खिळा निघाला की तो बोटांत धरून उन्हाकडं बघायचा आणि म्हणायचा, “हा साधा खिळा न्हाई. लोहगडाच्या दरवाज्याचा हाय. ठिवून द्या.” माणसं तो खिळा रुमालात बांधून नेत. मुंबईत किती घरांच्या शोकेसमध्ये हौशीरामचे खिळे मांडलेत त्याची मोजदाद नाही.

त्याची बायको नंदाबाई म्हणायची, “तुमच्या तोंडातनं एकादं खरं बाहीर आलं ना, तर तेच बावरंल. म्हनंल, मी कुटं आलो!”

यावर हौशीराम तंबाखूची गोळी गालात सरकवून हसायचा. वय सहासष्ट, दात अकरा, आणि दम असा की मोटारसायकलची ट्यूब तोंडानं फुगवून दाखवायचा.

पण थापा तोंडाच्या. हात मात्र चोख. ट्यूब काढायची, हवा भरायची, अर्ध्या कापलेल्या पिंपातल्या पाण्यात बुडवायची. बुडबुडा दिसला की तिथं काडीनं खूण. मग ट्यूब घडी घालून गुडघ्याखाली घ्यायची आणि आतली सगळी हवा काढायची. सगळी. मग कानस, सोल्युशन, ठिगळ. “आत हवा ऱ्हायली तर ठिगळ धरत न्हाई,” हे तो शाळेतल्या पाढ्यासारखं म्हणायचा. त्याची लेक अपेक्षा पाच वर्षांची असल्यापासून हे बघत आली होती. गुडघा कसा टेकायचा, कुठून दाबत यायचं, सगळं तिला येत होतं.

ही अपेक्षा आता सव्वीस वर्षांची होती आणि पवनेच्या धरणावर एका कॅम्पमध्ये लोकांना नाव वल्हवायला शिकवत होती. दोन हिवाळे मालवणात राहून लाटांवर स्वार व्हायला शिकून आली होती. आता पाण्यातनं बाहेर काढली की तिला करमत नसे.

ऑगस्टातल्या एका मंगळवारी सकाळी तिनं दुकानात एक गुंडाळी आणून ठेवली.

“आबा, हिची हवा जातेय असं वाटतं. बघता?”

हौशीरामनं गुंडाळी उलगडली. विटलेला निळा-पिवळा रंग, जाड कापड, लांबीत चार फुगीर पट्टे, कोपऱ्यात बूच.

“कुनाची गादी ही? दवाखान्यातनं उचलली काय?”

“लाटेवरची आहे. पोटावर झोपायचं, पुढचे दोन कोपरे धरायचे आणि लाटेबरोबर जायचं.”

“मावळात लाट?”

“इंदुरीला आहे. नदी कातळावरून घसरते ना, तिथं पावसाळाभर एक लाट उभी असते. जागची हलत नाही.”

मग तिनं सांगितलं, ही गादी कुणा एकाची नव्हे. ती फिरती आहे. आधी गणपतीपुळ्याला, पुढं मुल्कीला, तिथून मालवणला. ज्याच्याकडं येईल त्यानं पंधरा दिवस आपल्या पाण्यावर चालवायची, सोबतच्या वहीत चार ओळी लिहायच्या आणि पुढच्याला पाठवायची. एकमेकांची तोंडंही न बघितलेली माणसं, पण गादी एक.

वहीच्या पहिल्या पानावर तीन नियम होते. हौशीरामनं ओळीखाली बोट धरून वाचले, कारण चौथीनंतर शाळेनं त्याला आणि त्यानं शाळेला माफ केलं होतं. गादी तोंडानंच फुगवायची. पाठवताना सगळी हवा काढायची नाही, मागच्याचा एक श्वास आत राहू द्यायचा. आणि पुढच्याला पाठवायची, ठेवून घ्यायची नाही.

“मंजी आत्ता ह्यात कुनाचा श्वास हाय?”

“पवनचा. मालवणला होडीवर असतो. आता माझा नंबर.”

“तोंड तरी धुतलं व्हतं का त्यानं?”

अपेक्षा हसली. तिचा फोन वाजला. तिनं बघून खिशात टाकला. “त्याचाच. सकाळपासून सहावा मेसेज. ‘पोचली का? फुगवली का?’ उतावळा आहे नुसता. रविवारी फुगवते म्हणून सांगितलंय.”

ती स्कूटर काढून धरणाकडं गेली.

२

हौशीरामनं गादी पिंपात बुडवली.

बुडबुडे आले. बुचाच्या तोंडाशी चार आले आणि थांबले. त्यानं दुसरीकडं कुठं भोक आहे का म्हणून कडेकडेनं गादी दाबून पाहिली. नव्हतं. तेवढ्यात बुचाशी परत चार बुडबुडे आले. थांबले.

पंक्चरचा बुडबुडा असा नसतो. तो येतच राहतो, आतली हवा संपेपर्यंत. थांबतो कशाला?

हौशीराम पिंपाशी उकिडवा बसला. हायवेनं ट्रक गेला की जमीन हलते, पाणी हलतं, त्यानं होत असेल. त्यानं रस्ता मोकळा व्हायची वाट पाहिली. रस्ता मोकळा झाला. पाणी काचेसारखं निवांत. चार बुडबुडे. मग काही नाही. मग चार.

त्यानं बुचावर अंगठा ठेवला. अंगठ्याला आतून हलकं ढकललं गेलं. मग अंगठ्याची कातडी आत ओढली गेली.

“बुचाचा वायसर गेलाय,” हौशीराम मोठ्यानं म्हणाला. दुकानात ऐकायला कुणी नव्हतं.

वायसर बदलायचा म्हणजे आधी हवा काढायची. वहीतला नियम त्याला आठवला आणि हसू आलं. तीस-चाळीस वर्षं ट्यूबा बडवलेल्या माणसाला समुद्रावरची पोरं हवेचं शिकवणार! त्यानं गादी सिमेंटवर पसरली, बूच उघडलं, लांबच्या टोकाकडनं घडी घातली आणि गुडघा टेकला.

हवा निघाली. आणि निघतच राहिली. एवढ्या वेळात ट्रॅक्टरची ट्यूब दोनदा रिकामी झाली असती. बारीक गळती कळावी म्हणून गाल बुचाजवळ न्यायची त्याची सवय होती, तसा त्यानं नेला. हवा कोमट होती. तिला डिझेलचा वास होता, ओल्या दोराचा होता आणि, हे त्याला नीट कळलं, नुकत्याच प्यालेल्या चहाचा होता.

शेवटी शेवटी ती तुटक यायला लागली. रडून थकलेलं पोर कसं आत हुंदका घेतं, तसं बुचानं एकदा आत ओढलं. मग गादी गुडघ्याखाली कापडासारखी पडली.

जिल्हा परिषदेच्या शाळेत अकराच्या छोट्या सुट्टीची घंटा झाली.

हौशीरामनं उगाचच गाल धुतला. वायसर घातला, हवेच्या मशीननं हवा भरली, गादी परत बुडवली. एक बुडबुडा नाही. काम चोख झालं होतं.

३

संध्याकाळी अपेक्षानं गादी उचलली. “हलकी झालीय. आबा, सगळी हवा काढलीत?”

आता इथं खरं बोलायला काय हरकत होती? पण हौशीरामची जीभ वळणावर आपोआपच वळायची. जाता जाता मशीनची थोडी हवाही त्यानं आत सोडून ठेवली होती, गादी पार मेलेली दिसू नये म्हणून.

“छ्या! तुझ्या पवनचा दम तसाच ठिवलाय. निस्तं बूच घट्ट केलं.”

अपेक्षानं समाधानानं गादी गुंडाळली. मग फोन बघत म्हणाली, “कमाल आहे. सकाळी सहा मेसेज, आणि आता विचारलं तर उत्तर नाही.”

उत्तर गुरुवारी आलं. पवनचं नव्हे. अपेक्षा मागच्या पायरीवर बसली होती, फोन मांडीवर पालथा. नंदाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

“गेला,” नंदाबाई म्हणाली. “त्यो मालवनचा. एकोनतीस वर्साचा व्हता गं बाई.”

“बुडाला?” हौशीरामनं विचारलं.

“पाण्यात उतरलाही नव्हता,” अपेक्षा म्हणाली. “मंगळवारी. होडीच्या काठावर बसून चहा पीत होता. श्वासच घेता येईना म्हणे. लोक धावेपर्यंत संपलं.”

“किती वाजता?”

दोघींनी वर पाहिलं. असं कुणी विचारत नाही.

“अकराच्या सुमाराला,” अपेक्षा म्हणाली. “का?”

“काय न्हाय. असंच.”

तो दुकानात गेला आणि मशीनला टेकून उभा राहिला. अकरा वाजता जगात काय एकच गोष्ट होते? अकरा वाजता घाटात टेम्पो बंद पडतो, अकरा वाजता कुणाची म्हैस विते. पोराचं काळीज कच्चं असेल. हल्ली असतं. त्यानं स्वतःला हे चारदा सांगितलं, आणि दर वेळी त्याच्या गालाला कोमट काहीतरी लागल्यासारखं झालं.

मागनं अपेक्षा गादी पोटाशी धरून आली. डोळे सुजलेले.

“याच्यात त्याचा श्वास आहे, आबा. तुम्ही ठेवलात ते फार बरं केलंत.”

हौशीरामनं तोंड उघडलं. तेवढ्यात मशीन आपोआप सुरू झालं, आणि त्या धडधडीत बोलता आलं नाही असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

४

रविवारी ती इंदुरीला गेली, पवनसाठी. हौशीराम स्कूटरवर मागं बसून गेला. नको म्हणायला त्याच्याकडं कारण नव्हतं. होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

इंद्रायणी गढूळ आणि भरलेली. पलीकडं किल्ल्याचा बुरूज, त्याच्यावर शेवाळ. कातळाच्या खाली खरोखरच एक लाट उभी होती. पाणी येत होतं, जात होतं, पण लाट तिथंच. हौशीरामला ती बघवेना.

अपेक्षानं अंगात जॅकेट चढवलं, बुचाला तोंड लावलं आणि फुगवायला लागली. त्यानं मोजलं. पंधरा श्वास. पंधराव्याला ती थांबली, ओठ बाजूला घेतले आणि भुवया वर करून म्हणाली, “ओढून घेते हो ही! मी फुंकायच्या आधीच.”

“वायसर नवा हाय,” हौशीराम म्हणाला.

ती पाण्यात गेली आणि लाटेवर चढली. काय सांगावं! पोर पोटावर पडलेली, दोन मुठींत दोन कोपरे, खालून सगळी नदी धावतेय आणि ती मात्र जागच्या जागी, घारीसारखी. हौशीराम भीती विसरून ओरडला, “धर, धर अपे! सोडू नगंस!”

मग त्याला दिसलं. गादी तिच्याखाली फुगत होती आणि बसत होती. पाण्यानं वर-खाली व्हावी तशी नव्हे. पाण्याचा एक ठेका होता, गादीचा दुसरा. झोपलेल्या जनावराची बरगडी कशी चालते, तशी. आणि तिची पाठ त्या बरगडीबरोबर चालत होती.

ती बाहेर आली ती चार पावलं टाकून खाली बसली. धरण आडवं पोहून जाणारी पोरगी, ओठ जांभळे, बोलता येईना.

“दमले,” ती म्हणाली. आणि बऱ्याच वेळानं, “छान होतं.”

५

सोमवारी तिला दुकानाच्या तीन पायऱ्या चढवेनात. मंगळवारी वेणी घालताना हात खाली ठेवून बसली. तळेगावच्या डॉक्टरनं फोटो काढला. छाती स्वच्छ होती. “थंडी बसलीय,” तो म्हणाला आणि तीन रंगांच्या गोळ्या दिल्या.

गादी दुकानात कोपऱ्यात उभी होती. हौशीराम तिच्याकडं पाठ करून काम करायचा. पण तिसऱ्या दिवशी त्याला जाणवलं, गादी रविवारी होती त्याहून सैल झालीय. चौथ्या दिवशी आणखी सैल. आणि पोरीचा आवाज आणखी बारीक.

गुरुवारी दुपारी जेवणं झाल्यावर अपेक्षा आतल्या खोलीत पडली होती. दुकानाची आणि त्या खोलीची भिंत एकच, एका विटेची. हौशीरामनं गादी अलगद पिंपात ठेवली.

तीन बुडबुडे. थांबले.

भिंतीपलीकडून पोरीचा श्वास ऐकू येत होता, शिट्टीसारखा. श्वास बाहेर पडला की बुडबुडे येत. ती आत घेई तेव्हा पाणी गप्प. त्यानं डोळे मिटून नुसतं ऐकलं. मग डोळे उघडून नुसतं पाहिलं. दोन्ही एकच होतं.

त्यानं गादीवर हात ठेवला आणि जरा दाबला.

पलीकडं अपेक्षा खोकली.

हात उचलला. खोकला थांबला. योगायोग म्हणून एक शब्द असतो, तो हौशीरामला ठाऊक होता. त्यानं परत दाबला.

“आई गं,” पलीकडून आवाज आला.

तिसऱ्यांदा दाबायची त्याची छाती झाली नाही. गादी त्यानं तान्ह्या पोरासारखी दोन्ही हातांनी उचलली, कोरडी केली, गोधडीवर ठेवली. मग वही घेतली आणि दाराशी उजेडात बसला.

एकेका ओळीला त्याला वेळ लागला. गणपतीपुळ्याच्या माणसानं लिहिलं होतं, झकास गादी, फक्त नंतर पंधरा दिवस दम लागला. त्याच्याच खाली, दुसऱ्या शाईनं, बहुतेक फोनवर सांगून लिहवून घेतलेलं: मुल्कीला फुगवली त्या दिवसापासून बरं वाटतंय. मुल्कीचं पान कानडीत, ते त्याला वाचता येईना, पण तारखा वाचता आल्या. तिथंही दोन शाया होत्या.

पवनच्या पानावर लाटांविषयी काही नव्हतं. एकच ओळ, खाली तीनदा रेघ मारलेली. ‘लवकर फुगवा.’

वाचून त्यानं वही मिटली आणि कितीतरी वेळ गुडघ्याकडं बघत बसला. उजव्या. ज्यानं दाबलं होतं त्याच्याकडं.

गादीत भोक नव्हतं. पाच वेळा पाहिलं, नव्हतंच. आणि गादी रोज बसत चालली होती. ज्या माणसानं हयातभर गळत्या शोधल्या त्याला ही सापडत नव्हती.

६

पुढचा नंबर गोकर्णच्या चैतालीचा होता. अपेक्षानंच उशीवरून सांगितलं, “आबा, माझ्याच्यानं लोणावळ्याला जाववत नाही. तुम्ही कुरिअर करून टाका ना. ती वाट बघतेय.” आणि फोटो दाखवला. विशीची पोर, दातांना तार, ओल्या केसांनी हसतेय. तिच्यामागं कुणी पन्नाशीचा माणूस तिचा टॉवेल पिळत उभा होता. बाप असणार. असा टॉवेल दुसरं कोण पिळतं?

हौशीराम गादी घेऊन लोणावळ्याला गेला. भरदुपारी गावात धुकं इतकं की चिक्कीच्या दुकानांचे दिवे लागले होते. कुरिअरच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं, “आत काय आहे?”

“गादी.”

“काका, अशी फुगीर नाही घेणार. हवा काढून आणा.”

“हवा काढायची न्हाई!” हौशीराम एवढ्या जोरात ओरडला की रांगेतल्या बाईनं पोराला जवळ ओढलं.

तो बाहेर आला आणि एसटी स्टँडवर एका बाकड्यावर बसला. विचार केला. ही चैताली फुगवेल आणि अपेक्षा बरी होईल. मग चैताली पायऱ्या चढेनाशी होईल, आणि तो टॉवेलवाला तिला घेऊन डॉक्टरांचे उंबरे झिजवेल. त्याला तर बुडबुड्यांची भाषाही यायची नाही.

हौशीरामनं गालातली तंबाखू बोटानं काढून टाकली, बूच उघडलं आणि तोंड लावलं.

चार कॉलेजची पोरं चिक्कीचे डबे घेऊन समोर थांबली. “आजोबा, पोहायला निघालात?”

“व्हय,” तो म्हणाला. “बोरघाटातनं पोहत मुंबईला. येता का?”

पोरं खिदळली. त्यानं फुंकलं. पहिला श्वास त्यानं दिला. दुसरा गादीनं घेतला. तिसऱ्याला त्यानं तोंड काढायचा प्रयत्न केला आणि ओठ सुटेनात. आतून कुणीतरी शांतपणे, घाई न करता, घोटघोट पीत होतं. पोरांचं हसणं लांब गेलं. धुक्यात एसटीचे दिवे पिवळे, मग तेही लांब.

सुटला तेव्हा तो बाकड्यावर आडवा होता आणि गादी त्याच्या छातीवर, टम्म.

खिशात फोन वाजत होता. नंदाबाई.

“अवो, कुटं हाय? पोरगी उठली! चुलीम्होरं बसून भाकरी मागतीया. दुसरी खातीया!”

हौशीरामला उत्तर द्यायचं होतं. ‘बरं झालं’ एवढेच दोन शब्द. पण दोन शब्दांचा दम जमायला वेळ लागला, तोवर तिनं फोन ठेवला होता.

७

गादी त्यानं माळ्यावर ठेवली, जुन्या ट्यूबांच्या मागं. रोज सकाळी शिडी चढून तो हात लावून बघायचा. शिडी सहा पायऱ्यांची, मधे दोनदा थांबून. आपलं वय झालं. गादी आपल्यापाशी राहिली तर दुसऱ्या कुणाचं काही बिघडणार नव्हतं. ठेवून घ्यायची नाही असा नियम होता, पण नियम लिहिणारा काही कार्ला फाट्यावर बघायला येत नव्हता.

तंबाखू मात्र तो परत खायला लागला. एवढं तरी हवं.

अपेक्षा आठवड्यात कामावर गेली. गालावर रंग आला. एका सकाळी चहा पिताना म्हणाली, “आबा, कुरिअरची पावती कुठाय? चैतालीला गादी पोचली नाही म्हणते.”

“माळ्यावर हाय. न्हाई पाटवली.”

तिनं कपात फुंकर मारली. मग हळू आवाजात म्हणाली, “खरं सांगू? बरंच झालं. मलाही ते बरं वाटत नव्हतं. पवनचा शेवटचा श्वास आहे तो. कुरिअरनं कसा पाठवायचा?”

“मग ऱ्हाऊ दे की हितंच.”

“असा कोंडून?”

हौशीरामनं कप खाली ठेवला. “पोरी, ऐक. त्यात पवनचं काय न्हाई. पवनचा मीच काडला, त्या मंगळवारी. मग तुजा गेला. आन आता—” इथं त्याला थांबून श्वास घ्यावा लागला. “आता त्यात माजा दम हाय.”

अपेक्षानं त्याच्याकडं पाहिलं. तिचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी ती हसायला लागली. बापानं आपलं दुःख हलकं करायला केवढी मोठी थाप रचली! तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

“आणि खिळा लोहगडाचा आहे,” ती म्हणाली.

“अपे, आईची आन—”

“पुरे, आबा! तुम्हाला दम लागतोय नुसता बोलून. कमी करा ती तंबाखू.”

नंदाबाईनं चुलीपाशी बसल्या बसल्या तोंडाला पदर लावला. तीही हसत होती.

८

त्याच सकाळी एक ट्रक आला, वाळूचा. मागचं आतलं चाक. ड्रायव्हर तापलेला होता, हौशीरामला मशीन लावून नट काढायची टॉमी हातात घ्यावीच लागली. मशीन धडधडत होतं. एक नट सैल करायचा, चाकाला टेकायचं, डोळ्यांपुढचे काजवे जायची वाट बघायची, मग दुसरा नट.

“म्हाताऱ्या, संध्याकाळ करतो काय?” ड्रायव्हर म्हणाला.

टाकी भरली आणि मशीन आपोआप बंद पडलं. एकदम शांतता.

शांततेत एक आवाज होता. फस्‌स्.

हौशीरामला हवेचे सगळे आवाज पाठ होते. मोटारसायकलची ट्यूब शिट्टी घालते, ट्रॅक्टरची घोरते, सायकलची चिरकते. हा आवाज त्यातला कुठलाच नव्हता. हा त्यानं आयुष्यात एकदाच ऐकला होता. तो परसातून येत होता.

त्यानं वर पाहिलं. माळ्याला शिडी लावलेली होती.

तो दुकानातून आत निघाला. पहिली खोली पाच पावलांची. तिसऱ्या पावलाला छाती आतून कुणीतरी पिळल्यासारखी झाली, तो टॉवेल पिळतात तशी. त्यानं दाराची चौकट धरली. दुसऱ्या खोलीच्या पलीकडं मागचं दार उघडं होतं. दारात ऊन होतं, फार दिवसांनी पडलेलं. उन्हात त्याची पोरगी त्याच्याकडं पाठ करून बसली होती.

लांबच्या टोकाकडनं घडी. त्यावर उजवा गुडघा. सगळं कसं त्यानं शिकवलं तसं, चोख. शेजारी तिनं चार जास्वंदीची फुलं ठेवली होती आणि हात जोडलेले होते.

हौशीरामनं हाक मारली. म्हणजे तोंड उघडलं, ओठ हलवले. बाहेर काही आलं नाही.

“किती वेळ निघतोय, आई, बघ ना,” अपेक्षा म्हणत होती. “बिचारा. किती दिवस आत होता.”

शाळेत घंटा झाली. पोरं ओरडत मैदानात आली, आणि त्या गलक्यावरून तिचा आवाज परत आला. तिनं गाल बुचाजवळ नेला होता, बापाकडनं उचललेली सवय. ती जरा थबकली होती. पण गुडघा अजून तसाच टेकलेला होता.

“आबा,” तिनं मागं न बघताच विचारलं, “पवन तंबाखू खायचा का हो?”